न मोजलेल्या मांजरी

आमच्याकडे खानदेशात जेवणाऱ्याच्या ताटातल्या भाकरी मोजत नाहीत आणि घरातली लेकरंही मोजत नाहीत. मोजलं की दृष्ट लागते. हे मला आईनं शिकवलं. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर हेही घेऊन आले. पुढं हाच नियम मी मांजरींना लावला. मी काही प्राणिमात्रांची माउली वगैरे नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

कतारगामला आमची एकच खोली होती. वर पत्रा, आत फळ्यांचा माळा. नवरा लूमच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीला जायचा. मी घरी साड्यांचे दोरे कापायचे. नक्षीच्या साडीला मागच्या बाजूनं सुटे दोरे लोंबतात, ते कात्रीनं काढून साडी साफ करून द्यायची, एवढंच काम. मुलगी शाळेत जात होती. आणि एक कबरी मांजर होती. तिला कुणी आणलं नव्हतं. एक दिवस स्वतःच आत आली आणि माझ्या गुडघ्याला टेकून झोपायला लागली.

प्लेग आला त्या वर्षी अर्धी गल्ली रिकामी झाली, तसे आम्हीही तोंडाला फडकी बांधून गावाकडे पळालो. घाई इतकी, की कबरी कुठं आहे हे मी बघितलंच नाही. खोलीला कुलूप ठोकलं आणि निघालो. गाडीत बसल्यावर मुलीनं विचारलं, तेव्हा कुठं आठवलं.

महिन्याभरानं परतलो तर ती आमच्या उंबऱ्यापाशी बसलेली. फासळ्या दिसत होत्या, एक कान फाटला होता. मला बघून ओरडलीसुद्धा नाही, उठली आणि पायाला अंग घासलं. शेजारची गुजराती मावशी गाव सोडून गेली नव्हती. ती म्हणाली, "रोज त्यां ज बेसती हती, बेन. तमारी राह जोती हती." रोज तिथंच बसून माझी वाट बघत होती म्हणे. मी कुलूप न काढताच पायरीवर बसून रडले. तेव्हाच ठरवलं, आता माझ्या दारातलं एकही मांजर बाहेर राहणार नाही.

गल्लीतली बरीच कुटुंबं परत आलीच नाहीत. त्यांची मांजरं मात्र बंद दारांपुढं फिरत राहिली. मी एकेक करून त्यांना आत घेतलं. लोकांनी उंदरांची अशी धास्ती खाल्ली होती की पहिल्यांदा सगळे माझं कौतुकच करायचे. पिल्लं झाली की हक्कानं मागून न्यायचे. तेव्हा कोण दूध पिते, कोण नुसती भाकरी खाते, कुणाचं पोट बिघडलंय, सगळं मला माहीत असायचं. त्या दिवसांत मी खरंच मांजरी पाळत होते.

मग कधीतरी ते पाळणं राहिलं नाही. नेमकं कधी, हे सांगता येत नाही, आणि त्याचाच मला अजून राग येतो. एका घरी दिलेलं पिल्लू ते लोक खोली बदलताना मागंच टाकून गेले. मी ते परत आणलं आणि त्यानंतर कुणालाच पिल्लू दिलं नाही. खिडकीला जाळी ठोकली. दार दिवसभर लावून घ्यायला लागले.

साड्यांवर केस सापडायला लागले तसे गठ्ठे कमी यायला लागले. मुलीच्या शेजारी वर्गात कुणी बसेना. गुजराती मावशी नाकाला पदर लावून म्हणाली, "बेन, बारणुं तो खोलो." दार उघडा, एवढंच तिचं म्हणणं. मी तिच्याशी पदर खोचून भांडले. सगळं जग मांजरींच्या वाईटावर आहे आणि त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही, असं मला वाटायचं. असं वाटण्यात एक सुख असतं, खोटं कशाला बोलू?

नवरा मुळात कमी बोलणारा. एकदा पाळीवरून आला, पाय ठेवायला जागा शोधत उभा राहिला आणि म्हणाला, "घरमा कितल्या मांजरी शेतस, माहीत शे का तुले?"

"लेकरं मोजतस का कोनी?" मी फणकारले.

पुढं पुढं तो कारखान्यातच गठ्ठ्यांवर झोपायला लागला.

मी सकाळी परातभर भाकरी दुधात कुस्करून ठेवायचे. परात रिकामी झाली की सगळ्या जेवल्या, असा माझा हिशेब.

एक दिवस मुलीनं विचारलं, "माय, कबरी कोठे शे?"

"आठेच व्हई," मी कात्रीवरची नजर न काढता म्हणाले. इथंच असेल. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं. मी म्हणाले, माळ्यावर झोपली असेल. उठून बघितलं मात्र नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच माळ्यावर चढली आणि तिनं मला अशी हाक मारली की कात्री माझ्या हातातून पडली.

सुताच्या रिकाम्या खोक्यांमागं कबरी ताठ होऊन पडली होती. तोंडाच्या कडेला हिरवा दोरा होता. मीच कापलेल्या साडीच्या दोऱ्यांतला. हलकेच ओढून पाहिला तर निघेना, आत कुठवर गेला होता कोण जाणे. मी हात मागं घेतला. घरात आधीच इतका वास होता की हा वेगळा वास मला आलाच नव्हता.

खाली उतरले आणि बाकीच्यांकडे बघितलं. चिकटलेले डोळे, गळलेले केस, परातीजवळ पोचू न शकणारी पिल्लं. हे सगळं रोज माझ्या समोरच होतं. मी दार सताड उघडलं, उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं मोजायला लागले. मुलगी शेजारी बसून बोटांवर आकडा धरत होती. तेवीस भरल्या.

नवऱ्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. पुढचे कित्येक दिवस तो पाळीवरून आला की एकेकीला पिशवीत घालून घेऊन जायचा. काही कामरेजच्या शेतकऱ्यांकडे, काही कडोदऱ्याला ओळखीच्या गोदामात. गुजराती मावशी स्वतः येऊन दोन घेऊन गेली. चार-पाच इतक्या आजारी होत्या की त्या आमच्याच घरात दगावल्या.

कबरीनं महिनाभर बंद दारापुढं माझी वाट बघितली होती. एवढ्याशा खोलीत मी तिला तीन दिवस शोधलं नाही. प्रेम कमी होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. प्रेम होतं. लक्ष नव्हतं.

आता माझ्याकडे दोनच मांजरी आहेत. दृष्ट लागायची तर लागो. रोज संध्याकाळी मी दिवा लावते, दार उघडं ठेवते आणि दोघींना मोजते.