समजाताई

आमच्या कारखान्यात तेव्हा चौदा माणसं होती आणि त्या चौदांत बाकी सगळ्यांना दमवणारं माणूस एकच होतं. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतं होतं. आम्ही त्यांना समजाताई म्हणायचो, कारण त्यांचं दर दुसरं वाक्य ‘समजा’ने सुरू व्हायचं. समजा वीज गेली. समजा माणसाने दोन बटणं एकदम दाबली. समजा पहिलं काम संपायच्या आत दुसरं सुरू झालं. साडेपाच वाजलेले असायचे, आम्ही डबे आवरून उठायच्या बेतात असायचो, आणि ताई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, “एक मिनिट. समजा...” आमच्यातलं कुणीतरी डोकं टेबलावर टेकवायचं.

नगरच्या एमआयडीसीतला तो लहानसा कारखाना. आम्ही यंत्रांची कंट्रोल पॅनेलं बनवायचो. म्हणजे लोखंडी पेटी, तिच्यातल्या तारा आणि कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कोणती मोटर कधी थांबवायची हे ठरवणारा प्रोग्रॅम. प्रोग्रॅम मी लिहायचो. तो तपासायचं काम ताईंचं. आधी त्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. त्यांचा विषय घ्यायला मुलंच येईनात म्हणून तो बंद झाला आणि पन्नाशीच्या जवळ त्या आमच्याकडे आल्या.

आम्ही पॅनेल जोडून यंत्र चालवून बघायचो. दहा वेळा नीट चाललं की झालं. ताई यंत्राला हात लावायच्या आधी ते कागदावर मांडायच्या. यंत्राची प्रत्येक अवस्था म्हणजे एक गोल, एकीतून दुसरीत जायची प्रत्येक वाट म्हणजे एक बाण. मग जे कधीच घडता कामा नये ते एका वाक्यात लिहायचं. हे सगळं त्या कॉम्प्युटरला देत आणि तो एकेक वाट शेवटपर्यंत चालून बघे. एकही वाट त्या नको असलेल्या जागी पोचत नसेल तर ताई सही करत. पोचत असेल तर ती वाट पायरीपायरीने छापून माझ्या टेबलावर ठेवत. रागावत नसत. “ही बघ,” एवढंच. तो कागद दिसला की माझा पुढचा आठवडा गेलेला असे.

“ताई, असं कधी होत नाही हो,” मी एकदा वैतागून म्हणालो.

“होत नाही, की होऊ शकत नाही?” त्यांनी विचारलं, आणि वडिलांची आठवण सांगितली. ते घोडेगावच्या बाजारात जनावरं गाडीत चढवायचं काम करत. चढवलं की दोर दोनदा ओढून बघत. “मालक म्हणायचा, अरे, लई गरीब हाय ते. तर दादा म्हणायचे, तुमाला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय, दोराला म्हाईत न्हाई.” सांगताना ताई हसल्या. मला हसू आलं नाही. सगळं परत लिहायचं होतं ते मला.

मग संगमनेरच्या बाजूच्या एका दूध शीतकरण केंद्राचं काम आलं. टाकीला दोन पाइप. एकातून दूध यायचं, दुसऱ्यातून टाकी धुवायचं कॉस्टिक सोड्याचं पाणी, पोटात गेलं तर आतडी जाळणारं. ताईंनी वाक्य लिहिलं : दुधाचा आणि धुण्याचा व्हॉल्व्ह एकाच वेळी कधीही उघडे नसतील. दोन दिवसांनी छापलेला कागद माझ्या टेबलावर. धुणं चालू असताना वीज जाते. धुण्याचा व्हॉल्व्ह मोटरवर चालणारा, तो आहे तसाच उघडा राहतो, पण पॅनेल सगळं विसरतं. वीज येते, पॅनेलला वाटतं सगळं बंद आहे. माणूस दुधाचं बटण दाबतो आणि कॉस्टिक दुधात जातं.

“मग वीज आल्या आल्या व्हॉल्व्ह बंद करायचा हुकूम टाकतो की प्रोग्रॅममध्ये,” मी म्हणालो.

“टाक. पण हुकूम दिला म्हणजे तो बंद झाला, हे पॅनेलला कोण सांगणार? समजा अडकला. व्हॉल्व्हलाच स्विच बसवायला हवा. बंद झाल्यावर तो पॅनेलला कळवेल, आणि तोवर दुधाचं बटण चालणारच नाही.”

स्विच बाहेरून मागवायचे, तारा नव्याने ओढायच्या. तीन आठवड्यांचं काम. उद्घाटन आठ दिवसांवर आलेलं. पाहुण्यांची तारीख घेतलेली, मांडव सांगितलेला. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, तिथे जनरेटर आहे.”

“जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट जातं, साहेब. पॅनेलला विसरायला तेवढं पुरतं.”

“तुम्ही सही करताय की नाही?”

“नाही.”

मालकांनी सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी हुकूम टाकला होता, तेवढ्याने भागेल अशी माझी समजूत मी करून घेतली आणि सही केली. ताई शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

त्यांना कुणी काढलं नाही. फक्त त्यांच्या टेबलावर काम येईनासं झालं. महिन्याभराने त्यांनी राजीनामा दिला. निघताना मला म्हणाल्या, “वेळेवर जेवत जा,” आणि रिक्षात बसल्या.

केंद्र सुरळीत चालू राहिलं. मालकांना बोलायला एक विषय मिळाला. नवं गिऱ्हाईक आलं की चहाबरोबर तो निघायचाच. “आमच्याकडे एक मॅडम होत्या. त्यांचं ऐकलं असतं तर ते पॅनेल अजून इथेच पडून असतं. काय झालं का काही?” सगळे हसायचे. मीही हसायचो.

चार वर्षांनी सर्व्हिसिंगसाठी मी त्या केंद्रावर गेलो. तिथलं यंत्र पहिल्यापासून बबनराव चालवत. धुण्याच्या पाइपवर मला हाताने फिरवायचा एक व्हॉल्व्ह दिसला, लाल रंग दिलेला. आमच्या नकाशात तो नव्हता.

“हा कुणी बसवला?”

“तुमच्याच बाईंनी सांगितला की,” बबनराव म्हणाले. “उद्घाटनाच्या आदल्या रविवारी आल्या हुत्या, एसटीनं. दर रविवारी विहारात जातात म्हनं, पर त्या दिशी हितं आल्या. प्लंबरला बोलवून ह्यो बसवून घेतला. मला म्हनल्या, बबनराव, वीज जाऊन आली की आदी ह्यो हातानं बंद करायचा, मगच दुदाचं बटन. माज्याकडनं धा वेळा करून घेतलं.”

“मग, कधी उपयोग झाला?”

“दोनदा. तुमच्या पॅनेलवर सगळं बंद दाखवत हुतं, आन मोटरचा व्हाल अर्धा उघडाच अडकल्याला. ह्यो बंद हुता म्हनून निभावलं.”

“अहो, मग आम्हाला कळवलं का नाही?”

“काय कळवायचं, साहेब? काई झालंच न्हाई की.”

मी तिथेच एका पालथ्या कॅनवर बसलो. हात धुऊन घ्यायचंही सुचलं नाही. त्या टाकीतलं दूध किती घरांत जातं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात आणलं.

ताई नेवासे तालुक्यात भावाकडे राहत होत्या, दहावीच्या मुलांना गणित शिकवत होत्या. नंबर मिळवून फोन केला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “ताई, मी सही करायला नको होती.”

“ते झालं आता,” त्या म्हणाल्या. “बबनराव रिटायर कधी होतायत?”

हे मी विचारलंच नव्हतं. विचारून परत फोन केला आणि सांगितलं, मार्चमध्ये.

“मग मार्चच्या आत स्विच बसव. नंतर नवा माणूस येईल. त्याला कुणी सांगितलेलं नसेल.”

मालक आधी चिडले, मग मला समजवायला लागले. मी वाद घातला नाही. वाद घालायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. ते हो म्हणेपर्यंत समोर बसून राहिलो, एवढंच केलं. फेब्रुवारीत स्विच बसले. व्हॉल्व्ह मुद्दाम अडकवून मी दुधाचं बटण दाबून पाहिलं. चाललं नाही. तिथूनच ताईंना फोन लावला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. त्यांनी मुलांना पुढचं गणित सोडवायला सांगितलं.

“इथे रोज वीज जाते रे,” मग त्या म्हणाल्या. “गेली की मला ते केंद्र आठवायचं. परत येईपर्यंत मुलांना काय शिकवतेय ते कळायचं नाही. चार वर्षं. आता नाही आठवणार.”