नवरदेवाच्या सोफ्यावरचे सर

इकडे सरक वं, अशी जवळ ये. तू शहराच्या त्या टोकाले वाडीत, मी या टोकाले बेशात, पण मोबाईल स्पीकरवर टाक आन जवळ बसल्यासारखी ऐक. त्याच्यातला एक फोटो पाहून तू पोरीचं नाव त्या सरांकडं टाकून आली? मले, सख्ख्या मावशीले, एका शब्दानं विचारलं नाही? शहाणी माझी! आता त्या फोटोमागचं सारं ऐकून घे.

माझी नात खो-खो खेळते, हे तुले माहीत हाय. पळायले चपळ, पण खो मिळाल्यावर पाटीवरून उठताना अन् खांबाशी वळताना जराशी मागं पडायची. जिल्ह्याच्या संघात यायचंच, हे तिच्या डोक्यात बसलेलं. कोणीतरी सांगितलं, प्लायोमेट्रिक करा. म्हणजे उड्याच. पाय जमिनीले लागला की लगेच दुसरी झेप. त्यानं पायात झटका येते, वेग वाढते, वळणं सुधारते, उडी उंच जाते. हे खरं हाय, मी नाही म्हणत नाही. खोटे होते ते सर.

त्यांची अकादमी म्हणजे एक लग्नाचं लॉन. सकाळी रिकामं राहते म्हणून तिथं. मी पहिल्या दिवशी गेली तं पायाखाली आदल्या दिवशीच्या लग्नाचा झेंडू, अन् पोरी नवरा-नवरीच्या स्टेजवरून खाली फरशीवर उड्या मारून राहिल्या. धप्, धप्, धप्. पुढं खुर्च्या आडव्या पाडलेल्या, त्याच्यावरून टणाटण. आन सर? नवरदेवाच्या लाल मखमली सोफ्यावर! गळ्यात शिट्टी, हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. बाजूले नवरी तेवढी नव्हती.

उशीर झाला तं उड्या. थकली तं आणखी उड्या. एक पोरगी हसली, तिलेही उड्या. मायबाप वऱ्हाड्यांच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होते. पंगत कधी बसते याचीच वाट पाहत असल्यासारखे.

मी म्हटलं, "सर, खाली फरशी हाय. पोरी आदळून राहिल्या."

"आजी, हे प्लायोमेट्रिक आहे. तुमच्या काळातली लंगडी नाही."

"लंगडी मातीत होती बाप्पा. आन दम लागला की पोरगी बाजूले बसायची. तुमच्या इथं बसाले फक्त तुम्हीच दिसता."

मायबाप हसले. सरही हसले, पण मोबाईलकडं पाहून.

पुढं पुढं नात जिना आडवी होऊन उतरायले लागली, कठड्याले धरून. गुडघ्याच्या वाटीखाली दुखे. आन गंमत पाह्य, व्हिडिओत ती अशी उंच उडे की लोक अंगठे दाखवत, पण मैदानात पाटीवरून उठतच नव्हती. पाय मेलेले. सरांले सांगितलं तं म्हणतात, "दुखतंय म्हणजे ताकद येतेय." आन बाकीच्या मायबापांनी ते मंत्रासारखं पाठ केलं. शिकलेली माणसं वं, चांगल्या नोकऱ्यावाली! घरी दूध नासलं तं वास घेऊन पाहतात, इथं पोरगी लंगडताना दिसत नव्हती त्यायले.

मी तिले गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. ती म्हणाली, "उड्या चांगल्याच आहेत आजी. पण आधी उतरायला शिकायचं, मऊ जमिनीवर. थोड्याच मारायच्या, मध्ये दम खायचा, रोज नाही मारायच्या. थकलेल्या पायांनी मारलेली उडी कामाची नाही. सध्या पूर्ण बंद ठेवा, नाहीतर निवड चाचणी विसरा."

नात रस्ताभर रडली. तिले वाटलं, बंद ठेवलं की संघ गेला. दुसऱ्या दिवशी लॉनवर सांगायले गेलो तं सरांनीही तेच ऐकवलं, साऱ्यांसमोर, सोफ्यावरून न उठता. "गॅप घेतला की मुलगी संपली. मग निवड विसराच."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, एक उडी तुम्ही मारून दाखवा ना. इथूनच, स्टेजवरून. पोरी पाहून शिकतील."

शिट्टी थांबली. पोरी थांबल्या. सरांनी खाली पाहिलं, मग स्वतःच्या नव्या बुटांकडं पाहिलं. "माझं काम शिकवण्याचं आहे," म्हणाले. आन उतरले, नवरीसाठी बाजूले केलेल्या पायऱ्यांवरून, सजावटीच्या खांबाले धरून, एक एक पाय टेकवत! माझ्या नातीनं त्या दिवशी पहिल्यांदा डोळे पुसले अन् म्हणाली, "चाल आजी, घरी."

गुडघा शांत झाल्यावर आमच्या बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर, काळ्या मातीत, तिनं पुन्हा सुरू केलं. आधी नुसतं उतरणं. डॉक्टरीणबाईनं शिकवलं होतं, पाय टेकल्याचा आवाज आला नाही पाहिजे. मी ओट्यावर भाजी निवडत बसे. आवाज आला की ओरडे, "म्हैस आली काय वं?" तिले राग येई, पण पुढची उडी कापसासारखी. मग झेपा, मग वळणं. दोन-चार झाल्या की बसायचं, पाणी प्यायचं, मले त्रास द्यायचा.

चाचणीत पाटीवरून ती अशी उठली की समोरच्या पोरीले खांबापर्यंत जाऊच दिलं नाही. झाली निवड.

आन दुसऱ्याच दिवशी सरांनी मोबाईलवर तिचा फोटो टाकला. 'आमच्या अकादमीची सुकन्या'! पोरीच्याच स्टेटसवरून उचललेला. तोच फोटो तू पाहिला, वेडाबाई. नीट पाह्य एकदा. तिच्या पायाखाली फरशी नाही, आमच्या प्लॉटची माती हाय, आन मागं ओट्यावर मेथीची जुडी घेऊन बसलेली मी हाय.

म्हणून म्हणते, तुझी पोरगी जिना आडवी उतरायच्या आधी तिले घेऊन ये. या रविवारीच ये, सकाळी, ऊन चढायच्या आत. ओटा रिकामाच हाय, तुझ्यासाठी अर्धी भाजी निवडायची ठेवते.