निळ्या झुडपाची माती

वेदरलो गावात आभाळ एका वेळी एकाच बाईकडे असे, आणि गेली सदतीस वर्षं ते हेटी ग्रॅटनकडे होतं.

गाव डोंगराच्या खांद्यावर वसलेलं. चाळीसेक घरं, एक चर्च, एक पब, आणि चहूकडे पांढरट दगडाचे गडगे. दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी वरच्या झऱ्यावर फुलांचा फळा उभा राही. फार पूर्वीच्या एका दुष्काळात आसपासचे सगळे झरे आटले आणि हा एकटा वाहत राहिला, त्याचे उपकार फेडायचे म्हणून. माणसापेक्षा उंच लाकडी फळ्यावर ओली माती थापायची आणि तिच्यात एकेक पाकळी दाबून बायबलातलं चित्र उठवायचं. चार दिवसांचं काम, आठवड्याची शोभा, मग माती परत हौदात.

कामं घराण्यांत वाटलेली होती. माती तुडवायची बॅगशॉ मंडळींनी. रेघा फर्निसांच्या बायकांनी काढायच्या, ओढ्याकाठच्या झाडांची वाळकी काळी बोंडं एकाला एक लावून. आणि आभाळ जिच्याकडे असेल तिच्या घरी पाकळ्या ठेवायचं पत्र्याचं एक जुनं तबक असे. तिने आपण होऊन ते दुसरीच्या हातात देईपर्यंत आभाळाबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, असा रिवाज. चित्रातलं आभाळच लांबून आधी दिसायचं, त्यामुळे त्याचा मानही मोठा. हेटीला ते सासूकडून मिळालं होतं. हेटीला स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि त्र्याहत्तराव्या वर्षीही तबक कोणाला द्यायचं हा विचार तिने मनात येऊ दिला नव्हता.

येऊ दिला नव्हता, कारण तो विचार आला की डोळ्यांचाही विचार येई.

चार वर्षांपूर्वी तिच्या नजरेचा मधला भाग धुरकटला. कडेकडेचं दिसायचं, रस्ता, पायऱ्या, दार. समोर पाहिलं तिथे मात्र कोणीतरी अंगठा फिरवून पुसून टाकल्यासारखं. रंग तर कपडे फार धुतल्यावर विटतात तसे विटत गेले. हे तिने कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. माणसं चालण्यावरून आणि आवाजावरून ओळखू येत होती. पाकळ्या बोटांना कळत होत्या. आभाळाला लागणारा निळा रंग तर तिच्या दारातच उभा होता. हायड्रेंजियाचं मोठं झुडूप.

वेदरलोच्या चुनखडीच्या जमिनीत हायड्रेंजिया गुलाबीच फुलते. हेटीची तेवढी निळी, कारण वॉल्टर. वॉल्टर ग्रॅटन गडगे घालायचं काम करी. दर ऑक्टोबरला तो वरच्या माळावरून काळी, आंबट वासाची ओली माती पोत्यातून आणून झुडपाच्या बुडाशी घालत असे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून त्याचा हा नेम. फुलं आली की पाकळ्या निवडून तबकात लावणंही त्याचंच. डावीकडे गडद, मधे फिकट, उजवीकडे पांढऱ्या. दगड लावावेत तशा. हेटीला वाटे, स्वभावच आहे त्याचा.

फेब्रुवारीत वॉल्टर गेला. दोन वर्षं छातीने हैराण होता.

ऑगस्ट उजाडला तशी हेटी एकटीच कात्री घेऊन झुडपाशी गेली. फुलांचे झुबके हाताला भरगच्च लागले. तिने टोपल्या भरल्या, घरात बसून पाकळ्या सोडवल्या आणि निळं झुडूप ते निळं झुडूप म्हणून सगळ्या तबकात घातल्या.

बॅगशॉंच्या गोठ्यात फळा आडवा ठेवला होता. टेड बॅगशॉ, वॉल्टरचा शाळेपासूनचा मित्र, गुडघ्यापर्यंत मातीने बरबटून उभा होता.

"काय हेटी, आहेस का अजून?"

"तुझी माती कोण तपासणार मग? ओल टिकायला मीठ घातलंस का रे? का डॉक्टरांनी तुझं बंद केलं म्हणून हिचंही बंद केलंस?"

"घातलंय बाई, भरपूर घातलंय. बायकोच्या कोबीत नसतं तेवढं घातलंय." तो जवळ आला आणि तबकापाशी थांबला. मग म्हणाला, "पाकळ्या कुठनं आणल्यास?"

"कुठनं म्हणजे? दरसाल आणते तिथनंच. माझ्या दारातनं."

टेड खाकरला आणि परत हौदाकडे गेला. त्याला पुढे काही टोमणा सुचला नाही, याचं हेटीला जरा नवल वाटलं. पण वॉल्टरशिवायचं हे पहिलंच वर्ष होतं. त्यालाही जड जात असेल, असं तिने धरलं.

यंदाचं चित्र नोहाच्या कबुतराचं होतं. पूर ओसरलाय, आभाळ निवळलंय आणि कबुतर चोचीत पान घेऊन परत येतंय. ऑलिव्ह फर्निसने रेघा काढल्या होत्या. चित्रातलं खालचं पाणी लावायला क्लेअर बसली होती. क्लेअर तीन वर्षांपूर्वी शेफील्डहून राहायला आलेली शिक्षिका. गाव तिला अजून 'ती नवी' म्हणत असे.

"खालून वर यायचं, पोरी," हेटी तिला म्हणाली. "कौलं कशी घालतात? वरची ओळ खालच्या ओळीवर चढली पाहिजे. पाणी वरनं येतं. नोहाचं काय ते वेगळं, त्याच्याकडे खालूनही आलं."

क्लेअर हसली. मग हळूच म्हणाली, "मिसेस ग्रॅटन, एक विचारू? आभाळ असंच ठरलंय ना?"

"असंच म्हणजे कसं?"

"म्हणजे... हाच रंग."

"पूर ओसरल्यावर आभाळ कसलं असतं? तुमच्या शेफील्डला धुराचं असेल, आमच्याकडे निळं असतं. सदतीस वर्षं लावतेय मी, बाई."

ऑलिव्हचं स्टूल जमिनीवर करकरलं. क्लेअर "आई गं!" म्हणाली आणि पुन्हा पाकळ्यांवर वाकली.

चार दिवस हेटी आभाळ लावत राहिली. बोटं चुकत नव्हती. गोठ्यात दरवर्षीएवढ्या गप्पा झाल्या नाहीत. ऑलिव्हने सॅंडविचं आणली तेव्हा सगळ्यांत मोठं हेटीला दिलं. ऑलिव्हच्या हातून असं कधी झालं नव्हतं. नवरा गेल्यावर माणसं वर्षभर मऊ वागतात, हेटी मनाशी म्हणाली.

शनिवारी बँड वाजला, मिरवणूक झऱ्यापर्यंत आली, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. "यंदा तर आपल्या फळ्यावर पहाट उगवली आहे," असं ते म्हणाले. पाद्रीबाबांना तसं बोलायची सवयच होती, म्हणून हेटीने ते कानाआड केलं.

दुपारच्या बसने पाहुणे आले. दरवर्षीप्रमाणे हेटी झऱ्याजवळच्या दगडी बाकावर बसली. आल्यागेल्याला गावाची माहिती सांगायची, हे तिला कोणी नेमून दिलेलं नव्हतं, पण ते तिचंच होतं. दुष्काळाची गोष्ट सांगायची. चर्चच्या आवारातलं यूचं झाड चर्चपेक्षा म्हातारं आहे, हे सांगायचं. टेकडीवरची गोल भिंतींची कुंपणं शिशाच्या जुन्या खाणींच्या तोंडावर घातलेली आहेत, मुलांना तिकडे सोडू नका, हेही सांगायचं. एक बाई बराच वेळ ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आणि इथे आभाळ गुलाबी करायची पद्धत आहे का हो? फार सुंदर दिसतंय. अगदी माझ्या आजीच्या शालीसारखं."

हेटीने खाणीचं वाक्य पुरं केलं. स्वच्छतागृह चर्चच्या मागे आहे, तेही सांगितलं. मग ती उठली आणि फळ्यापाशी गेली. मान वाकडी करून नजरेच्या कडेने तिने पाहायचा प्रयत्न केला. एक फिकट पट्टा दिसला, त्यापलीकडे काही नाही. तिने हात लावून पाहिला. ओळीवर ओळ चढलेली, कुठे फट नाही.

टेड गडग्याला टेकून पाइप ओढत होता. त्या वासावर ती त्याच्याकडे गेली.

"टेड, आभाळ कुठल्या रंगाचं आहे?"

"धो धो पाऊस आला तरी थेंब आत जायचा नाही, हेटी. असं बसवलंयस."

"मी रंग विचारतेय."

टेडने पाइप तोंडातून काढला. "गुलाबी."

"सगळं?"

"वरच्या कोपऱ्यात जरा जांभळट आहे."

"आणि तुम्ही सगळे चार दिवस बघत बसलात."

"तबक तुझं. आम्ही कोण बोलणार? त्यात वॉल्टरला जाऊन सहा महिने झालेले. कोणाची जीभ रेटली नाही."

हेटी गडग्याचा दगड धरून उभी राहिली. "पण गेल्या वर्षी तर निळं होतं?"

"गेल्या वर्षी निळं होतं."

"त्याच झुडपाच्या पाकळ्या होत्या, टेड."

बँडवाले पबकडे निघाले होते, त्यांच्यापैकी कोणीतरी हाक मारली, टेडने हात केला. मग म्हणाला, "नव्हत्या. शेवटचे दोन ऑक्टोबर त्याने माती घातली नव्हती, हेटी. पोतं उचलायचं बळच नव्हतं. गेल्याच उन्हाळ्यात झुडूप गुलाबीवर फिरलं. मला म्हणाला, गाडी काढ. नदीपलीकडे माझ्या बहिणीकडे गेलो. तिकडे काळ्या दगडाची जमीन, फुलं आपली आपण निळी होतात. टोपल्या भरून आणल्या, माझ्या गोठ्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तू चर्चमध्ये पितळ घासायला गेली होतीस, तेवढ्यात त्याने तबक लावून ठेवलं."

"मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, हेटीला दिसत नाही हे मला ठाऊक आहे, पण मला ठाऊक आहे हे हेटीला ठाऊक नाही. तसंच राहू दे."

हेटीला तो दिवस आठवला. वॉल्टर धापा टाकत घरी आला होता, बुटांना चिखल. ती त्याच्यावर ओरडली होती. या छातीने कुठे उंडारतोस, टेडबरोबर पबात बसला असशील. आणि तो खुर्चीत बसता बसता म्हणाला होता, "हो, बसलो होतो."

ती त्यावर दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती.

"कधीपासून ठाऊक होतं त्याला?" तिने विचारलं.

"तू त्याच्या वाढदिवसाच्या केकवर मेणबत्तीऐवजी खडू लावलास ना, तेव्हापासून." टेड हसायला गेला, पण जमलं नाही. "त्याने तो फुंकला होता, हेटी. आम्हालाही बोलू दिलं नाही."

आठवडाभर आभाळ गुलाबीच उभं राहिलं. लोकांनी फोटो काढले. हेटी बाकावर रोज बसली आणि कोणी रंगाबद्दल विचारलं तर म्हणाली, "यंदा झुडूप तसं फुललं." खोटं ते नव्हतंच.

पुढच्या शनिवारी फळा उतरवला. माती खरवडून हौदात टाकण्यापूर्वी हेटी तबक घेऊन गोठ्यात आली. ऑलिव्ह पुढे झाली. तिची सून तिच्या मागेच होती, आणि तबक सुनेकडे येणार असं फर्निसांच्या घरात धरूनच चाललं होतं.

"क्लेअर कुठे आहे?" हेटी म्हणाली.

"मी इथे आहे, मिसेस ग्रॅटन."

"हात पुढे कर."

"मी? अहो, पण मी तर इथली नाही."

ऑलिव्हला राहवलं नाही. "हेटी, तीन वर्षं झाली फक्त तिला! आमच्या घरात चार पिढ्या..."

"चार पिढ्यांनी चार दिवस सॅंडविच खाऊ घातलं मला," हेटी म्हणाली. "हिने विचारलं. बाकी कोणी विचारलं नाही."

"आणि मी तिच्या नडगीवर लाथ मारली," ऑलिव्ह हळू आवाजात म्हणाली.

"वण आहे अजून," क्लेअर म्हणाली. त्यावर ऑलिव्हच आधी हसली, आणि मग डोळे पुसायला बाहेर गेली.

तबक हातातून गेलं तेव्हा हेटीला ते वाटलं होतं त्यापेक्षा हलकं लागलं. घरी आल्यावर हात कुठे ठेवावेत हे मात्र तिला बराच वेळ कळेना.

ऑक्टोबरात एका कोरड्या सकाळी ती वॉल्टरचं पोतं घेऊन माळावर निघाली. क्लेअरने गाडी देऊ केली होती, पण हेटीने ऐकलं नाही. वाट पायांना ठाऊक होती. वॉल्टरने घातलेल्या गडग्यांवर डावा हात ठेवून ती वर जात राहिली. माळाच्या कडेला गुडघे टेकून तिने हातखोऱ्याने माती उकरली. पाव पोतं भरलं. त्यापेक्षा जास्त तिला उचलणार नव्हतं. परतताना तीन ठिकाणी बसावं लागलं. वॉल्टर तरुणपणी पोतं भरून एका दमात आणत असे, आणि शेवटी शेवटी त्यालाही असंच बसावं लागलं असेल. त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

टेड फाटकाशी उभा होता. "तबक दिलंस ना आता? मग हे कशाला?"

"एका वर्षात होत नाही हे. वॉल्टर म्हणायचा, दोन-तीन थंड्या जाव्या लागतात. तोवर क्लेअरला तुझ्या बहिणीकडे नेत जा."

"आणि निळं झालं की?"

"झालं की क्लेअरला दिसेल."

टेडने पोतं घ्यायला हात पुढे केला. तिने दिलं नाही. पण फाटक उघडून धरायला सांगितलं. मग झुडपापाशी बसून, वाळक्या झुबक्यांखाली हात घालत, तिने मूठमूठ माती बुडाशी पसरायला घेतली. माती थंड होती आणि तिला तोच आंबट वास होता, इतकी वर्षं ऑक्टोबरात वॉल्टरच्या अंगाला यायचा तो.

"उद्या परत जाते," ती म्हणाली. "अजून निदान चार खेपा लागतील."