भोंगा वाजायच्या आधी

लातीर फायचा गुडघा तरुणपणीच आखाड्यात गेला, नाहीतर तो फार मोठा मल्ल झाला असता असं डाकारजवळच्या आमच्या कोळीवस्तीत अजून म्हणतात. मी त्याच्या कुस्त्यांना ढोल वाजवलाय, म्हणून सांगतो. चांगला मल्ल होता, पण मोठा झाला नसता. अंगात राग नव्हता. समोरचा पडला की हा आधी त्याला हात देऊन उठवायचा आणि मग जिंकल्याचा नाच करायचा. असा माणूस पंच म्हणून शोभतो. हे समितीच्याही लक्षात आलं आणि गुडघा जरा बरा झाल्यावर त्यांनी त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली.

आमच्या कुस्तीत ठोसेही चालतात, पण पाठ टेकली की संपलं. बूड टेकलं तरी संपलं. दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे, असे चार टेकू एकदम वाळूला लागले तरी संपलं. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन दांडगे देह एकमेकांना भिडलेले, अंगावरून बाबांनी मंतरून दिलेलं पाणी ओघळतंय, ताईत तुटून पडतायत, वाळू उडतेय, आम्ही ढोलवाले थांबत नाही, आणि या सगळ्यात चौथा टेकू लागला की नाही ते एका माणसाने वाकून बघायचं आणि शिट्टी फुंकायची. शिट्टी वाजली की मल्ल हात सोडतो. त्या गोंगाटात त्याला तेवढा एकच आवाज ऐकू येतो.

समितीने कॅमेरे लावायचं ठरवलं तेव्हा लातीर खूश होता. त्याच्या अंगणात आम्ही चहा उकळत बसलो होतो.

"येऊ दे रे यंत्र," तो म्हणाला. "शिव्या तरी त्याला बसतील."

"त्याला कशा बसतील? कॅमेऱ्याची आई कुठे राहते ते कुणाला ठाऊक आहे? तुझी सगळ्यांना ठाऊक आहे."

"असान, तू ढोल बडव. डोक्याचं काम तुझं नाही."

"तुझं तरी कुठंय आता? तू नुसता वाळू झाडायला राहशील."

त्याची बायको कुम्बा मासे साफ करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मागच्या वर्षी वरच्या वस्तीवाल्यांनी माझ्या दारावर माशांची आतडी फेकली. त्याआधी खिडकी फोडली. असानभाऊ, तुमचं ठीक आहे, ढोल चुकला म्हणून कुणी घरावर येत नाही. येऊ दे ते यंत्र. मला नवरा अख्खा हवाय."

मी चहा ओतायला घेतला.

यंत्र आलं. आखाड्याच्या चारही बाजूंना कॅमेरे, एका मांडवात टेबल, टेबलामागे तीन जण पडदे बघत बसलेले. निकाल पक्का झाला की ते भोंगा वाजवायचे. शिवाय वेशीएवढा मोठा पडदा लोकांसाठी. पहिल्याच हंगामात एका मोठ्या कुस्तीत लातीरने चार टेकू बघून शिट्टी वाजवली. हरलेल्या मल्लाच्या माणसांनी दाद मागितली. मोठ्या पडद्यावर तो क्षण हळूहळू सरकत आला आणि सगळ्यांना दिसलं, एक गुडघा वाळूपासून दोन बोटं वर होता. निकाल फिरला. आणि मग कुणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, पडद्यावर त्यांनी लातीरचा चेहरा दाखवला. गाल फुगलेले, तोंडात शिट्टी, डोळे मोठे. तो तसाच गोठवून ठेवला. अख्खा आखाडा हसला. हसण्याने ढोल बुडाला, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

त्यानंतर वस्तीतली पोरं त्याच्या मागून शिट्ट्या फुंकत पळायची. बाजारात बायका म्हणायच्या, "लातीरभाऊ, माशाची पाठ टेकली का बघा हो." कुम्बाने एकीच्या अंगावर टोपली फेकली होती. लातीर हसण्यावारी न्यायचा, पण चहाला येणं त्याने बंद केलं. समितीने पंचांना बोलावून नवा नियम सांगितला. शंका असेल तर शिट्टी वाजवायची नाही. टेबलाकडे बघायचं. भोंगा वाजेल.

जेगान सारची कुस्ती पुढच्या हंगामात झाली. जेगान आमच्याच वस्तीतला. बाप समुद्रात गेला तेव्हा पोटात होता. आई मोस्सान, बंदरावर मासे धुरी देऊन सुकवते. ती कधी त्याची कुस्ती बघायला यायची नाही. घरी बसून माळ ओढायची. समोर होता वरच्या वस्तीचा बाला, बैलासारखा, पण मनाचा वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतोय.

बालाने मानेवर हात टाकून जेगानला खाली खेचलं. जेगान आधी एका गुडघ्यावर आला, मग दुसऱ्या. मग दोन्ही तळवे वाळूत रुतले. मी ढोलावर होतो, दहा पावलांवर. मला दिसलं. आजूबाजूच्या लोकांच्या तोंडून "गेला!" असं निघालं. लातीर वाकलेला होता, शिट्टी ओठांत होती. त्याने मान वळवून टेबलाकडे बघितलं.

शिट्टी नाही म्हणजे कुस्ती चालू. जेगानला तेच वाटलं, तो उठायला लागला. बालालाही तेच वाटलं. त्याने त्याला कमरेत धरून उचललं आणि उलटा आपटला. डोकं आधी लागलं. भोंगा वाजला तो जेगान हवेत असताना.

तो पडला तसाच पडून राहिला. बाला स्वतःच गुडघ्यावर बसून "ऊठ ना रे, ऊठ" म्हणत होता. लातीरच्या ओठांत अजून शिट्टी होती. ती मी काढून घेतली.

मान मोडली होती. डाकारच्या डॉक्टरांनी सांगितलं, जगेल, पण मानेखाली काही हलणार नाही.

समितीने चौकशी केली. जवळ बसलेला साक्षीदार म्हणून मलाही बोलावलं. खोली लहान, पंखा बंद. चिटणीसांनी ते चित्र हळूहळू पुढे सरकवत दाखवलं. "इथे चौथा टेकू. इथे पंच टेबलाकडे बघतायत. इथे टेबल खात्री करतंय. इथे भोंगा." मधलं अंतर एक श्वास घ्यावा एवढं. सगळे नियमाने वागले होते. बाला निर्दोष, टेबल निर्दोष, पंच निर्दोष.

लातीर उठून उभा राहिला. "मला शंका नव्हती."

"काय म्हणालात?"

"नियम शंकेचा आहे ना? मला शंका नव्हती. चौथा टेकू मी या डोळ्यांनी बघितला. शिट्टी वाजवायला हवी होती. मला मोठ्या पडद्याची भीती वाटली म्हणून मी तिकडे बघितलं. चूक माझी आहे. तसं लिहा."

चिटणीस वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढला. "फायसाहेब, तुमच्या मनात काय होतं ते चित्रात दिसत नाही. तुम्ही थांबलात एवढं दिसतं. म्हणजे शंका होती. घरी जा. झोप घ्या."

"मला झोप नको, शिक्षा द्या."

"कशाची?"

ते तर सांगून झालंच होतं.

जेगानला घरी आणलं त्या दिवसापासून लातीर मोस्सानच्या दारात जाऊन उभा राहू लागला. ती त्याला आत घ्यायची नाही. शिव्या द्यायची, राखेचं पाणी फेकायची. मी सांगून पाहिलं, "अरे, तिला तुझं तोंड बघवत नाही, कशाला जातोस?" तो म्हणायचा, "मग कुठे जाऊ?" कुम्बाने त्याच्यापुढे हात जोडले. शेवटी ती पोरांना घेऊन भावाकडे गेली, रागाने नाही, घरात श्वास घेता येईना म्हणून.

जेगान अंगापिंडाने मोठा. त्याला कुशीवर वळवायला, धुवायला मोस्सान एकटी पुरी पडेना. शेजारीपाजारी पहिले काही दिवस आले, मग ज्याला त्याला आपापली होडी होती. एका सकाळी ती दारात आली आणि लातीरवर ओरडली, "उभा काय राहिलायस मेल्या खांबासारखा? आत ये, पाय धर त्याचे."

त्या दिवसापासून तो आत जाऊ लागला. उचलायचा, धुवायचा, भात भरवायचा. मोस्सान त्याच्याशी कामापुरतं बोलायची. जेगान अजिबात बोलायचा नाही. वर छपराकडे बघत राहायचा. बोलला तो एकदाच, मी भेटायला गेलो होतो तेव्हा.

"काका, माझे चार टेकू लागले होते ना?"

"लागले होते," लातीर म्हणाला.

"तुम्हाला दिसले?"

"दिसले."

"मग?"

लातीरच्या हातात ओला कपडा होता. त्याने तो पिळला, परत बुडवला, परत पिळला. जेगानने डोळे मिटून घेतले. नंतर लातीरने पुन्हा पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पडद्याचं, हसण्याचं, सगळं. जेगानने डोळे उघडले नाहीत. मला वाटतं त्याला कळलं होतं. त्यात समजायला अवघड असं काय आहे?

पाऊसकाळात पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या आणि ताप चढला. तो त्यातच गेला. मय्यत उचलायच्या आधी अंगणात सगळी वस्ती जमली होती, वरच्या वस्तीतून बालाही आला होता. लातीर पुढे झाला. "मला सगळ्यांसमोर काही सांगायचंय," असं त्याने म्हणताच मोस्सान त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आज नाही," ती म्हणाली. "आजचा दिवस माझ्या पोराचा आहे. तुझा करू नकोस."

तो मागे सरकला. मय्यतीला खांदा द्यायलाही पुढे आला नाही.

पीक निघाल्यावर खेड्यांत साध्या कुस्त्या होतात, ठोसे नसलेल्या, कॅमेरे नसलेल्या. जिंकणाऱ्याला बोकड. माणसात येईल म्हणून मीच त्याला एका गावी पंच म्हणून नेलं. पहिली जोडी भिडली, नुसते हात हातात गेले, आणि लातीरने शिट्टी वाजवली. लोक चक्रावले. पुन्हा लावली. पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा दोघं एकमेकांकडे चालतच येत होते, तेवढ्यात शिट्टी. लोक आधी हसले, मग चिडले, आणि मग एक म्हातारी म्हणाली, "अरे, भ्यालाय तो, त्याला घरी न्या." मी ढोल थांबवला आणि त्याला घेऊन आलो.

आता तो दर हंगामाच्या सुरुवातीला समितीच्या कचेरीत जातो. या वेळी मी सोबत होतो. जुना चिटणीस गेला, आता एक तरुण मुलगी आहे, गोड बोलते. तिने त्याला बसायला खुर्ची दिली.

"काका, मी सगळं परत बघितलं. तुमच्यावर काही डाग नाही."

"तोच लावा ना, बाई," तो म्हणाला. "तोच मागायला येतो मी."

ती माझ्याकडे बघायला लागली.

बाहेर येऊन तो पायरीवरच बसला. नव्या हंगामासाठी आणखी कॅमेरे आले होते, त्यांची खोकी घेऊन हमाल वर चढत होते. "सरका, काका, सरका," असं म्हणत ते त्याला वळसा घालून जात होते. त्याला ऐकू येत नव्हतं की उठायचं नव्हतं, देव जाणे. शेवटी मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. एके काळी याला दोघा-तिघांना हलवता येत नसे. त्याला धरून मी बंदराच्या रस्त्याला लागलो.