लालबागच्या सरदाराचा चष्मा

गिरगावातून लालबागला जायला सामान बांधावं लागत नाही. तरी मी पाण्याची बाटली, छत्री आणि दोन रुमाल घेतले. नंदा, माझी बायको, दर बुधवारी फक्त एक कादंबरी घेऊन जायची. तिचं माहेर तिथल्या चाळीत. चाळीतल्या बायका काहीतरी निवडत बसत आणि नंदा त्यांना पेशवाईतल्या हलक्याफुलक्या प्रेमकथा वाचून दाखवी. थंडीत ती गेली आणि चालू कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं. उन्हाळा लागला तसा तिच्या बालमैत्रिणीचा, सुलूचा, फोन आला.

"भावजी, यमुनेचं लग्न अडकलंय. तुम्ही येऊन वाचा."

मी जन्मभर मनातल्या मनात वाचत आलेला माणूस. बसमध्ये खिडकी मिळाली, म्हणून चष्मा कपाळावर सरकवून (जवळचं मला तसंच दिसतं) सरावाला बसलो. कादंबरीतला सरदार मोत्यांचा व्यापारी बनून यमुनेच्या दारात आलेला आणि तिच्या बकरीने त्याचे मोती खाऊन टाकलेले. बऱ्याच दिवसांनी मी हसलो. मान वर केली तर परळ.

"लालबाग गेलं का हो?" मी कंडक्टरला विचारलं.

"लालबाग तिथंच आहे, काका. तुम्ही पुढे आलात."

उन्हातून मागे चालत आलो. चिवडा गल्लीत गरम चिवड्याची पुडी घेतली. पुढे डंक (मसाला कुटायचं यंत्र) धडधडत होते. तिथे शिंकांत एक रुमाल संपला.

चाळीच्या गॅलरीत जुन्या साडीवर मिरच्यांचा ढीग होता आणि भोवती बायका देठ खुडत बसल्या होत्या. "जावईबापूंना खुर्ची द्या," कुणीतरी म्हणालं. मी पुस्तक उघडलं.

"सहा फूट उंच सरदार घोड्यावरून उतरला. त्याची नजर गरुडाची..."

"थांबा," सुलू म्हणाली. "हा कोण?"

"सरदार."

"आमचो सरदार इतको उंच नाय," चाळीतल्या सगळ्यांत थोरल्या शेवंतीकाकू म्हणाल्या. "आणि चष्मो खंय (कुठे) गेलो?"

पेशवाईतल्या सरदाराला चष्मा? मी पान पुन्हा पाहिलं.

"असतो तर," सुलू म्हणाली. "कपाळावर ठेवतो आणि वाडाभर शोधतो. घोड्यावर बसला की डुलकी काढतो. यमुनेशी बोलायचं झालं की आधी घसा खाकरतो."

मी घसा खाकरला.

सगळ्यांचे हात थांबले. सुलूने माझ्या कपाळाकडे पाहिलं. चष्मा तिथेच होता.

"अगे बाये," शेवंतीकाकू म्हणाल्या, "ह्यो तर आमचो सरदार."

आधी हशा झाला. मग एकेकीचा पदर डोळ्यांना लागला. समोर मिरच्या होत्या, त्यामुळे डोळे पुसायला कुणालाच कारण द्यावं लागलं नाही. माझा दुसरा रुमाल कामी आला.

"आता घालू दे मागणी," सुलू म्हणाली.

पुस्तकात सरदार पानभर चंद्राबद्दल बोलत होता. मी दोन ओळी वाचल्या.

"ह्यां आमचो सरदार बोलाचो नाय," शेवंतीकाकूंनी निकाल दिला.

मला ते पटलं. मी पुस्तक मिटलं. "सरदार म्हणाला, यमुनाबाई, मला फारसं बोलता येत नाही. तुम्ही बोला, मी ऐकेन."

"मग ती काय म्हणाली?"

गिरगावातल्या वाचनालयाच्या जिन्यात नंदा जे म्हणाली होती, तेच मी सांगितलं. "ऐकाल, पण मधेच झोपायचं नाही."

"झालां एकदाचां लगीन," शेवंतीकाकू म्हणाल्या. "सुले, चाय ठेव."

परतताना पिशवीत पाव किलो मसाला होता. बसमध्ये मला डुलकी लागली आणि गिरगावला कंडक्टरने उठवलं. उतरताना चष्मा शोधला, तो कपाळावर होता. इतकी वर्षं मला वाटायचं, बुधवारी नंदा एकटीच जाते. ती तर मला घोड्यावर बसवून नेत होती.