आबांचा भाजलेला हात

आबा, म्हणजे माझे वडील, पिंपळीच्या शिवारातले नावाजलेले गुळवे. काहिलीतला रस दाट झाला की ते बोटं गार पाण्यात बुडवायचे, तशीच उकळत्या पाकात घालायचे आणि पुन्हा पाण्यात. चिमटीत गोळी धरली की गूळ कधी उतरवायचा ते त्यांना कळायचं. या कसबापायी उजवा पंजा भाजून भाजून गाठाळ झाला होता. बारामतीच्या पेठेत व्यापारी आधी विचारायचे, "आबांनी उतरवलाय का?"

मग इंदापूरच्या बाजूला साखर कारखाना उभा राहिला. ऊस तिकडं वळला आणि आमच्याकडची गुऱ्हाळं एकेक करून थंडावली. दोन हंगाम आबा घरी बसले. शेवटी आम्ही दोघंही कामासाठी कारखान्याच्या फाटकावर गेलो. रांगेत बरेचसे गुऱ्हाळांवरचेच गडी होते, काही मेंढरं विकून आलेले.

मुकादम म्हणाला, "हात दाव."

आबांनी उजवा हात पुढं केला, जरा ऐटीतच.

"भाजलाय की! म्हाताऱ्या, ह्या हातानं काय व्हणार?"

"गुळव्या हाय मी."

"हितं पाक यंत्रात शिजतो. हो बाजूला."

त्या मुकादमाचा मला अजून राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो. आबांनी किती वेळा बोलावलं, पण चटक्याच्या भीतीनं मी काहिलीजवळ कधी गेलोच नाही.

मुकादमानं माझे हात उलटसुलट करून पाहिले. एकही डाग नव्हता. मला लगेच घेतलं.