पंखावर बसलेले आबा

काल सुताराने दाराला रेझिनचा डिंक लावला. तो नाकात चढणारा वास आला आणि मला घरात बसवेना. नुसत्या येरझारा घालत राहिलो.

असाच वास शिरूर कासारच्या आमच्या शेळ्यांच्या गोठ्यात भरलेला असायचा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी अजूनही ताठ मानेने सांगतो. छोट्या विमानाचे सुटे भाग मागवून मी तिथे अशाच डिंकाने त्याचा पंख जोडत होतो. आबांची, म्हणजे वडिलांची अट होती: पंख मोडला तर विमान बंद, आणि बीडला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा.

उडताना हवा पंखाला खालून उचलते, म्हणून तो उलटा बांधून, वर वजन ठेवून तपासतात. बाजरीची पोती कमी पडली. मग पंखाच्या कण्यावर फळी टाकून भावकीतली माणसं बसवली.

"पंगत बसवली का बे?" चुलते हसले. "वाढा की मग!"

शेवटी आबा बसले. पंख कुरकुरला, टोक वाकलं. पण पंख टिकला. एकेक जण उतरला, आबा उतरेनात.

"आबा, झालं. उतरा आता."

"थांब की. अजून मोडलं न्हाई."

तेव्हा वाटलं, त्यांना तो मोडायलाच हवाय. काल मात्र येरझारा घालताना मला त्यांचे पाय दिसत राहिले. जन्मभर शेळ्यांमागे चाललेले ते पाय जमिनीपासून वर लोंबत होते, आणि खाली टेकायची त्यांना अजिबात घाई नव्हती.